ढोमा, राणीचा खिमा: धुण्याबद्दल थोडं

वर एकांनी सुचवलंय की ढोमा, राणी हे काटेरी म्हणून स्वस्तात जाणारे मासे सुरिमी (धुतलेल्या खिम्याचा लगदा) करून ठाण्यातल्या शाळांपुढे कटलेट म्हणून विकावेत. कल्पना पटली, पण सुरिमीला माझा विरोध आहे. सुरिमीत खिमा थंड पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. त्याने वास जातो, रंग उजळतो, चिवटपणा येतो; पण चरबी, पाण्यात विरघळणारी प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वंही वाहून जातात. शिवाय पाणी आणि बर्फाचा खर्च वाढतो. पोषण स्वस्तात पोचवायचं असेल तर काटे वेगळे करणाऱ्या यंत्रातून काढलेला खिमा न धुता, आलं-लसूण-कोथिंबीर आणि उकडलेला बटाटा घालून त्याच दिवशी तळावा. मात्र मासा बंदरापासून बर्फातच हवा, नाहीतर सगळंच फुकट.

आणि जवळा! तो अख्खा खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियमही मिळतं. जमिनीऐवजी उंच जाळीवर वाळवला तर वाळू लागत नाही. भाजून भुकटी केली की थालीपिठात सहज खपते, फ्रीजही लागत नाही. फक्त कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना जवळाही चालत नाही, हे पाकिटावर ठळक लिहायला हवं.

केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र वाशीत आहे. दिवाळे कोळीवाड्यातल्या एखाद्या बचत गटाने तिथे विचारावं असं मनापासून वाटतं. कुणाची ओळख आहे का?