भाड्यासाठी घर: बैठं घ्यावं की दुमजली?

सिन्नरकर:
वडिलांच्या निवृत्तीचे पैसे आणि माझी बचत मिळून 45 लाख होतात. आम्ही सगळे पुण्यात असतो, त्यामुळे घर राहायला नकोय. दरमहा भाडं यावं आणि पुढे किंमत वाढावी, एवढ्यासाठी गावी सिन्नरला घ्यायचंय. एमआयडीसीमुळे तिथे भाडेकरूंची वानवा नाही. पाहून पाहून दोन घरं उरलीत.

पहिलं सरदवाडी रोडच्या बाजूला, दोन गुंठ्यांत, वीस-बावीस वर्षांचं बैठं घर. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, मागे बोअर. सध्या 9,000 भाडं आहे. दुसरं नवंकोरं दुमजली रो-हाउस, जागा जेमतेम पाऊण गुंठा, खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम, जिना आतून. भाडं 12,000 येईल म्हणतात. दोघांची मागणी 45 च्या आसपास.

माझं मन बैठ्या घरावर आहे. वडील म्हणतात, त्याच पैशात वरचा मजला मिळतोय तर सोडतोस कशाला. वर्षाचं भाडं किमतीच्या 2.4 टक्के आणि 3.2 टक्के हा फरक त्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. अनुभव असलेल्यांनी स्पष्ट सांगा.

दोन_चुली:
वडिलांचं ऐका, पण ते रो-हाउस घेऊ नका. दुमजली घराचा खरा फायदा दोन भाडेकरू ठेवण्यात आहे, आणि जिना आतून असला की तो फायदा गेला. माझं अंबडला दुमजली आहे, जिना बाहेरून. खाली एक कुटुंब 8,500 देतं, वर कंपनीतली दोन मुलं 7,000 देतात. 2020 च्या लॉकडाउनमध्ये वरची मुलं गावी निघून गेली, आठ महिने वरचा मजला बंद होता. खालचं भाडं चालू होतं म्हणून माझा हप्ता चुकला नाही. बैठं घर रिकामं पडलं की पूर्ण रिकामं पडतं.

एक मात्र करा, वीजमीटर वेगळे घ्या. दोन चुली एका मीटरवर चालल्या की युनिट 100 च्या, मग 300 च्या वर जातात, दर चढतो आणि दर महिन्याला कोणी किती जाळलं यावरून वाद होतो.

जमीन_आधी:
तुम्ही सगळे भाड्याचाच हिशोब करताय. बांधकाम दरवर्षी जुनं होतं, वाढते ती जमीन. बैठ्या घरात 2,178 चौरस फूट जागा तुमच्या नावावर येते, रो-हाउसमध्ये आठशेच्या घरात. शिवाय रो-हाउसच्या दोन्ही भिंती शेजाऱ्याला लागून. तीस वर्षांनी पाडून नवं बांधायचं म्हटलं तर दोन्हीकडच्यांची मर्जी राखत बसा.

2020 साली आलेल्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत मूळ एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं ते, 1.1 आहे. म्हणजे दोन गुंठ्यांवर साधारण 2,395 चौरस फूट बांधता येतं, आणि सध्या तिथे साडेसातशे-आठशेच बांधलेलं असेल. उरलेला हक्क फुकट पडून आहे, तो विकत घ्या. वरचा मजला आज नसला तरी उद्या चढवता येईल.

साइटवरचा:
«उद्या चढवता येईल» हे वाक्य ऐकून लोकांनी लाखो रुपये घातलेले मी पाहिलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी अठरा वर्षं बांधकामावर आहे.

एफएसआय कागदावर असतो, वजन पायाला पेलावं लागतं. वीस वर्षांपूर्वीची बरीच बैठी घरं लोड बेअरिंगची आहेत, म्हणजे कॉलमच नाहीत, स्लॅब नऊ इंची भिंतींवर बसवलाय. त्यावर मजला चढवायचा विचारही करू नका. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या कॉलमांवर उभं असेल तर पाया एका मजल्याचा धरून काढला होता की दोन, ते जुन्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरून कळतं. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत नेला होता का, तेही विचारा. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पाया असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात. अशा चिरा पुट्टी भरून रंगवलेल्या असतात, हात फिरवून पाहा.

गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया सोडलेल्या दिसल्या तरी हुरळून जाऊ नका. मी एका ठिकाणी अशी सळई चिमटीत धरली तर लाल पापुद्रे हातात आले, आत पेन्सिलीएवढं लोखंड उरलं होतं. वीस पावसाळे उघड्यावर काढलेल्या सळईला नवा कॉलम जोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

भाडेकरूच_आहे_मी:
आम्ही दोन्हीकडे राहून झालंय, म्हणून लिहिते. बैठ्या घरात एप्रिल-मे काढून पाहा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत निवत नाही, पंखा लावला की वरची गरम हवाच अंगावर येते. दुमजलीत खालचे गारव्यात असतात, भाजतात ते वरचे.

तरीही मला विचाराल तर सासूबाई आणि लहान मुलगा सोबत असताना मी बैठं घरच घेते. डोक्यावर कोणी नाही, टाकीचं पाणी कोणी संपवलं म्हणून भांडण नाही, अंगणात वाळवण घालता येतं. आता आहोत तिथे सकाळी सहाला वर चटणी कुटायला घेतात, खाली भिंतीवरचं घड्याळ हलतं. कुटुंब बैठ्या घरात टिकतं. आम्ही मागच्या बैठ्या घरात सहा वर्षं होतो. घरमालकाला दर अकरा महिन्यांनी नवा माणूस शोधायला लागला नाही, हाही फायदाच ना?

दोन_चुली:
ताई, हे पटलं. वरच्या बाथरूमची गळती खालच्या छतात उतरली तेव्हा माझं सात महिन्यांचं वरचं भाडं त्यात गेलं, हे मी वर लिहिलं नव्हतं. आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के वजावट मिळते, प्रत्यक्षात खर्च कितीही होवो. त्या वर्षी ती जवळपास सगळी त्यातच गेली. पण दोन भाडी हा मुद्दा मी सोडणार नाही.

सिन्नरकर:
रविवारी मिस्त्रीला घेऊन बैठ्या घरी जाऊन आलो. मालकाच्या परवानगीने कोपऱ्यातलं हातभर प्लास्टर काढलं. कॉलम नाही, नुसत्या विटा. साइटवरचा, तुमचे उपकार आहेत. मालक तोपर्यंत «एक मजला आरामात चढतो» असंच सांगत होता आणि त्याचेच पैसे लावत होता. आजूबाजूला गुंठा 16 लाखाने जातोय, म्हणजे जमीन 32 ची, आणि जुन्या घराचे तो 13 मागतोय. मी 37 वर आलोय, वर जाणार नाही.

दोन_चुली:
37 ला झालं तर 8 लाख हातात राहतात. मग मागच्या मोकळ्या जागेत वेगळी खोली-किचन बांधा, चारशे फूट. जमिनीवरच. दोन भाडी येतील आणि जिन्याचा प्रश्नच नाही.

जमीन_आधी:
हे मलाही मान्य. फक्त मंजूर नकाशा घेतल्याशिवाय एक वीट लावू नका, आणि दोन्ही भाडेकरूंचे करार नोंदवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे.

साइटवरचा:
नवीन खोली स्वतंत्र आरसीसी करा, पाया दोन मजल्यांचा काढा. कधी वर चढायचं झालं तर या भागावर चढता येईल. मागची आणि बाजूची मोकळी जागा नियमाप्रमाणे सोडून चारशे फूट बसतात का, ते आधी मोजा.

सिन्नरकर:
बोअर नेमका मधे येतोय. मागच्या भिंतीपासून अंदाजे बारा फुटांवर आहे. वडील म्हणाले, शनिवारी टेप घेऊन ते स्वतः येतात.