प्रतिसाद: लेकरं विसरत नाहीत

'लहान लेकरांना काय कळतंय, चार दिवसांत विसरतात,' असं बाप गेलेल्या पोरांबद्दल इथं कुणीतरी लिहिलंय. नाही हो. आमचं गाव चिकोडी तालुक्यात. बाबा गेले तेव्हा मी दुसरीत होते. मरण म्हणजे काय ते उमगलं नव्हतं, पण बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, ते बघितलं. आईनं काहीतरी वाईट केलंय आणि तिला शिक्षा होतेय, असंच कितीतरी वर्षं वाटायचं. विचारणार कुणाला? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मला काकूसोबत धाडायची, स्वतः चुलीपाशी.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आम्ही पडलो कर्नाटकात, ते परिपत्रक इकडं लागू नाही. पण आमच्या ग्रामसभांना कुणी अडवलंय? सोयरीक तर दोन्हीकडं आहे! (सीमाप्रश्न सोडून दुसऱ्या कशावर सभा भरवायची सवयच नाही, हा भाग वेगळा.) ठरावानं रीत लगेच मोडत नाही, कबूल. तरी एखाद्या बाईला 'नको' म्हणायला आधार मिळतो. आणि तेवढ्या वेळात पोरांना कुणीतरी जवळ घेऊन खरं काय झालं ते सांगा. 'बाबा गावाला गेलेत' नको.