हॉलमधला व्यायाम, टपकणारा स्वेटर आणि खालच्या काकू

गोदाकाठची:
निफाडकडे पारा पाच-सहावर आला की इकडे नाशिकलाही पहाटे बाहेर पडवत नाही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला मी रथसप्तमीपर्यंत रामराम करते आणि साडेपाचला हॉलमध्येच बारा सूर्यनमस्कार नि दोनशे दोरीच्या उड्या उरकते. वय ४४, गुडघे अजून ठीक. अडचण शरीराची नाही, घराची आहे.

आमची गॅलरी उत्तरेची. सूर्य दक्षिणेला सरकला की तिथे उन्हाची तिरीपही येत नाही, मग कपडे वाळायला हॉलमधल्या पुलीवर. लेकाचा लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये पिळायची माझी हिंमत होत नाही. परवा हस्तपादासनात वाकले आणि त्याच्या बाहीतून एक गार थेंब बरोब्बर मानेवर. किंचाळले. नवरा आतून म्हणाला, "श्वास सोड, श्वास!"

दुसरं म्हणजे नवीन मॅट टाइल्सवर आणि माझे तळवे मॅटवर, दोन्ही घसरतात. पर्वतासन करता करता मी दिवाणापाशी पोचते. काढून टाकली तर फरशीने पाय बधिर.

आणि खालच्या काकू. पावणेसहाच्या आत खालून झाडूच्या दांड्याने ठक ठक ठक, तीनदा. उड्या बंद करू का? समोर जाऊन विचारायची लाज वाटते. जिन्यात भेटल्या की गोड हसतात, त्याने तर आणखीच.

घोंगडीवाला:
ताई, मॅट गुंडाळून ठेवा आणि घोंगडी घ्या. दुहेरी घडी घालायची, एक टोक दिवाणाच्या पायाखाली दाबायचं, जागची हलत नाही. खरं तर फरशी खोलीतल्या हवेइतकीच गार असते, पण पायातली ऊब भराभर ओढून घेते. लोकर तसं करत नाही. टोचते, हे मान्य. आमच्या सोलापूरकडे त्याची कोणी तक्रार करत नाही.

बर्फातला_भाऊ:
टोरांटोहून. आमच्याकडे उलटी गंमत आहे. हीटिंगने हवा इतकी कोरडी की मोजे घालून गालिच्यावर चार पावलं चाललो आणि तळघरातल्या सायकलच्या लोखंडाला हात लावला की चट्! बायको मुद्दाम ओले कपडे घरात वाळत घालते, तेवढाच ओलावा.
पण स्वेटर टांगू नका हो, पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. जाड टॉवेलवर पसरा, पोळीच्या सुरळीसारखा गुंडाळा, वरून दाबा आणि मग आडवाच वाळवा. नव्या मॅटवर बऱ्याचदा कारखान्यातला गुळगुळीत थर असतो. साबणाच्या कोमट पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवा.

तळमजलेकर:
मी कायम खालच्या घरात राहिलेला माणूस आहे, तेव्हा खालच्यांची बाजू मांडतो. उडीचा दणका स्लॅबमधून थेट उतरतो, मॅटने थोडा कमी होतो, जात नाही. तरी सगळ्या आवाजांचा त्रास सारखा नसतो. आमच्या वरचे रोज चिरंजीवांना ओरडून उठवतात, ते मी ऐकून सोडून देतो. गोटी घरंगळली की मात्र डोक्यात जाते. तुम्ही अंदाज बांधत बसू नका, काकूंना विचारा. जाताना हात रिकामे नकोत.

गोदाकाठची:
गेले. तिळाची वडी घेऊन.
काकूंना उड्यांचं काहीच नव्हतं! म्हणाल्या, "अगं, तुझ्या उड्या म्हणजे माझा गजर. मी मोजते. काल एकशे साठच मारल्यास." (खरंच एकशे साठच मारल्या होत्या. दूधवाल्याने बेल वाजवली.) त्यांचं दुखणं उड्यांच्या आधीचं. जागा करायला मी टीपॉय सरकवते ना, तो खर्रर्र आवाज त्यांच्या बरोबर उशीवर. गेली दोन वर्षं त्या टीपॉयसाठी ठोकत होत्या आणि मी उड्या हळू मारत होते.

टीपॉयच्या चारही पायांना लेकाचे जुने मोजे चढवलेत. हॉलमध्ये कोणीतरी चतुष्पाद पाळल्यासारखं दिसतं. मॅट पुसली, निम्म्याने तरी घसरायची थांबली. स्वेटर आता दिवाणावर आडवा पसरलेला असतो, त्यामुळे सासऱ्यांना सकाळचा पेपर वाचायला बसायला जागा नाही. घोंगडीवाले दादा, तुमची घोंगडी त्यांनाच अंथरून दिली तर चालेल का?