काजूच्या मार्झिपान अंड्यांवरचं आयसिंग विरघळतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी म्हापशाची. आमच्या शेजारच्या आंटी दरवर्षी ईस्टरला मार्झिपानची, म्हणजे वाटलेला सुकामेवा आणि साखर आटवून केलेल्या गोळ्याची, अंडी करतात, आपल्याकडे गोव्यात बदामाऐवजी काजूचंच असतं ते, आणि वर आयसिंगची बारीक फुलं, वेल आणि ज्या मुलाला द्यायचं त्याचं नाव. आमच्याकडून चवथीला नेवऱ्या जायच्या आणि ईस्टरला त्यांच्याकडून माझ्या नावाचं अंडं यायचं, आठ आठ दिवस खायचे नाही मी ते, नाव मोडेल म्हणून. यंदा त्यांचा हात थरथरतो त्यामुळे आयसिंग मी अंगावर घेतलंय. २४ अंडी आहेत.

ट्रायलला ६ केली. एका अंड्याचं पांढरं, साधारण २०० ग्रॅम आयसिंग शुगर, अर्धा चमचा लिंबाचा रस, २ नंबरचं गोल नोझल. संध्याकाळी मार्झिपान साच्यातून काढलं आणि लगेच फुलं काढली, एकदम सुरेख दिसत होती, मग मुंग्यांच्या भीतीने फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी बाहेर काढली तर दहा मिनिटांत घाम सुटला, गुलाबी रंग पाकळीच्या बाहेर ओघळला आणि प्रत्येक फुलाभोवती ओलसर पिवळट कडं. बोट लावलं तर पाकळी बोटालाच आली. रंग साधा बाटलीतला पातळ वापरलाय. नावाची अक्षरं पण मध्येच तुटतात. काय चुकतंय? आंटींना विचारलं तर त्या स्वतःच करायला बसतील म्हणून इथे विचारतेय.

उत्तर:
ताई, मी फोंड्याला केकच्या ऑर्डरी घेते. आधी अंडी फ्रीजमध्ये ठेवणं बंद करा. थंड अंडं आपल्या दमट हवेत आलं की त्यावर पाणी धरतं आणि साखर ते लगेच ओढून घेते. ते कडं बहुतेक काजूच्या तेलाचं आणि ओलाव्याचं आहे, मार्झिपान कढईच्या कडा सोडेपर्यंत आटवायचं, काजू वाटताना मिक्सर सलग फिरवायचा नाही, तेल सुटतं. साच्यातून काढल्यावर पंख्याखाली दीड-दोन दिवस सुकवा, वर कोरडी साय आली की मगच आयसिंग. रंग जेलचा घ्या, सुईच्या टोकाएवढा. भांडं लिंबाने पुसून घ्या, तेलकटपणा राहिला तर पांढरं फुगतच नाही. फुलं बटर पेपरवर वेगळी काढून कडक सुकवा आणि आयसिंगच्या थेंबाने चिकटवा, एखादं मोडलं तरी अंडं वाया जात नाही. नावासाठी आयसिंग दोन-चार थेंब पाण्याने सैल करा, नोझल टेकवून ओढू नका, जरा वर धरून दोरा पडू द्या. लहान मुलं खाणार ना, मग कच्च्या अंड्याऐवजी मेरिंग पावडर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पावडर, बरी. मुंग्यांना ट्रे वाटीवर आणि वाटी पाण्याच्या परातीत.

पुन्हा मी:
खूप खूप आभार! ३ अंडी दोन दिवस सुकवून केली, कालपासून बाहेरच आहेत, रंग जागचा हलला नाही. दोरा पाडायचं आधी ताटावर पन्नासेक वेळा गिरवलं, आता 'र' जमतोय, 'श्री' अजून तुटतो. आंटी येऊन बघून गेल्या, एक अंडं उजेडात धरलं आणि म्हणाल्या, पानं थोडी लांब काढ गो.