स्टेजवर पाच जण आणि आवाज पंधरा जणांचा, आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून वाजवणं चालतं का तुम्हाला?

सुरसागरकाठी: परवा दांडिया बाजारात गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकला. गायिका छान, ढोलकीवाला तर एक नंबर, पण म्युझिक पीस आला नि एकदम व्हायोलिनचा ताफा वाजायला लागला आणि स्टेजवर व्हायोलिन एकही नाही. कीबोर्डवाल्याकडे बघितलं तर तो पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. लॅपटॉप वाजत होता सगळा. पुढे लोकांनी वन्समोअर दिला, गायिकेला द्यायचाही होता, तिने ड्रमरकडे बघितलं, त्याने नाही म्हणून मान हलवली आणि पुढचं गाणं सुरू. ट्रॅक संपला होता ना! फार वाईट वाटलं. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी उस्ताद मौलाबक्षांकडून जिथे गायनशाळा सुरू करवली त्या बडोद्यात आपण लॅपटॉपला टाळ्या द्यायच्या का? माझं म्हणणं सरळ आहे, वाजवणारा समोर नसेल तर ते वाद्य नको, गाणं उघडं वाटलं तरी चालेल.

कीबोर्ड_रावपुरा: काका, मी असल्याच एका बँडमध्ये वाजवतो म्हणून सांगतो, मंडळवाले पैसे देतात पाच जणांचे आणि फर्माईश करतात अशा गाण्याची ज्याच्या रेकॉर्डिंगला चाळीस-पन्नास वादक बसलेले असायचे, आता माझे हात दोन, एकाने बासरीचा पीस वाजवतो, दुसऱ्याने कॉर्ड धरतो, व्हायोलिन कुठून आणू? ट्रॅक आम्हीच बनवतो, एकेका गाण्यामागे दोन-तीन रात्री जातात. आणि कानात क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, चालू असताना वाजवून बघा एकदा, जरा मागेपुढे झालं की सगळ्यांसमोर उघडे पडतो. हे आजचं नाही. द हू हा बँड १९७१ पासून सिंथेसायझरचा भाग टेपवर लावून वाजवायचा, ड्रमर कानाला हेडफोन लावून त्याच्याबरोबर चालायचा. क्वीनवाले तर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला ऑपेराचा भाग टेपवर सोडून स्टेजवरून आत निघून जायचे.

सुरसागरकाठी: आत जायचे, हाच तर फरक आहे! लपवत नव्हते. आणि मिली व्हॅनिली या पॉप जोडीचं काय झालं तेही आठव, १९८९ मध्ये चालू शोमध्ये टेप अडकून एकच ओळ परत परत वाजली आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी काढून घेतलं.

कीबोर्ड_रावपुरा: ते दोघं दुसऱ्यांच्या आवाजावर ओठ हलवत होते. आमची गायिका तीन तास स्वतः गाते, तिला त्यांच्या रांगेत बसवू नका प्लीज.

साइड_ऱ्हिदम: बावीस वर्षं शेकर (खुळखुळ्यासारखं हलवून वाजवायचं ते), घुंगरू, मंजिरा, डफली वाजवली. मंडळ पैसे पाच जणांचेच देतं म्हणतोस, पण पाच जणांत भागतं हे मंडळाला शिकवलं कोणी? ट्रॅकनेच ना? आणि पहिली जागा गेली ती आमची. मला एका ग्रुपवाल्याचा फोन आला, काका यावर्षी तुमचा भाग ट्रॅकवर घेतलाय. ऐकायला गेलो तर शेकर माझाच होता, आदल्या वर्षीच्या रिहर्सलला रेकॉर्ड केलेला. माझा हात मला कळत नाही का? खाली खुर्चीत बसून स्वतःला ऐकलं मी.

मांडवी_साउंडवाला: ऱ्हिदमवाल्या काकांचं वाचून सुन्न झालो. थोडं कामाचं सांगतो. वन्समोअर देता येत नाही ही ट्रॅकची नाही, आळसाची गोष्ट आहे. मुखडा, अंतरा, पीस वेगवेगळे तुकडे करून पॅडवर, म्हणजे मारलं की तुकडा वाजतो त्या यंत्रावर, लावा, पाहिजे तेव्हा पाहिजे तो तुकडा मारा. बरेच जण अख्खं गाणं एकाच फाइलमध्ये ठेवतात, एका बाजूला क्लिक, दुसऱ्या बाजूला म्युझिक. मी एकदा घाईत दोन जॅक उलटे लावले तर सगळ्या मांडवाला टिक टिक टिक ऐकू गेलं, तो दिवस विसरत नाही. पण नवरात्रात मात्र मी ट्रॅकच्या पूर्ण विरोधात आहे. गरब्यात हींच (गरब्याचा एक ठेका) चालू असताना लय कधी चढवायची ते गायक मैदानातल्या लोकांचे पाय बघून ठरवतो, त्याच्याकडे बघून ढोलवाला चढतो, लॅपटॉपला पाय दिसत नाहीत. तिथे ज्याने क्लिक लावला त्याचा गरबा बसलाच समजा.

कीबोर्ड_रावपुरा: साउंडवाले भाई, गरब्याचं शंभर टक्के मान्य, आम्हीही तिथे लावत नाही. तुकड्यांचं या आठवड्यातच करतो. आणि ऱ्हिदमवाले काका, खरं सांगतो, आमच्याही ट्रॅकमध्ये शेकर आहे, व्हायोलिन बनवताना सोबत टाकून दिला, त्याच्या जागी माणूस बसायचा हे डोक्यातच आलं नाही. शेकर काढतो. व्हायोलिन नाही काढणार, तेवढे वादक मी आणू शकत नाही. शरद पौर्णिमेला आमचा कार्यक्रम आहे, मानधन मोठं नाही पण आम्हा सगळ्यांना जेवढं तेवढंच तुम्हाला. याल का?

सुरसागरकाठी: व्हायोलिनबद्दल माझं मत तेच आहे. पण निवेदकाने सुरुवातीलाच माइकवर सांगावं की व्हायोलिन रेकॉर्डेड आहे, मग मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

साइड_ऱ्हिदम: येतो. पण ते क्लिक माझ्या कानात घालू नकोस. ढोलकीवाल्याच्या कानात आहे ना, मी त्याच्या हाताकडे बघून वाजवीन. रिहर्सल कधी ते कळव.