गेट सोडून जखमीला उचलणं हे गैरवर्तन कसं?

रोजनामा
चर्चेसाठी एक प्रसंग धरू. कारखान्याचं मागचं गेट, रात्रपाळी, दोन सुरक्षारक्षक. गेटापासून पन्नास-साठ मीटरवर ट्रकची दुचाकीला धडक. दुचाकीवाला रस्त्यात पडलेला, मांडीतून रक्त वाहतंय. एक रक्षक जोडीदाराला सांगून धावला. ११२ ला फोन लावला, जखम दाबून धरली, रुग्णवाहिका आल्यावर माणूस चढवून दिला आणि १८ मिनिटांनी जागेवर परतला. दुसऱ्या दिवशी हातात निलंबनाचा कागद. त्यात तीन आरोप: विनापरवानगी कामाची जागा सोडणे, कर्तव्यात हयगय, आस्थापनेची सुरक्षितता धोक्यात आणणे. एकाच घटनेवर तीन आरोप लावतात, कारण एक नाही टिकला तर दुसरा टिकेल हा हिशेब असतो.

ही शिक्षा निष्ठुर आहेच, पण मला जास्त महत्त्वाचं हे वाटतं की नियमाच्या चौकटीतही ती बसत नाही. केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांतली, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्ती आणि शिस्तीच्या नमुना नियमांतली, गैरवर्तनाची यादी काढून बघा. आज्ञाभंगाच्या आधी 'जाणूनबुजून' हा शब्द आहे, आणि मोडलेला आदेश 'कायदेशीर व वाजवी' असावा लागतो. हयगय सवयीची असावी लागते. त्याच आदेशांत पुढे म्हटलंय की शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य, कामगाराची आधीची नोंद आणि शिक्षा सौम्य किंवा कडक करणारी परिस्थिती लक्षात घ्यावी. चौकशी अहवालांत नेमका हाच परिच्छेद गायब असतो. 'आरोप सिद्ध' लिहिलं की थेट 'बडतर्फ'.

जागा सोडली का, हा प्रश्न इथे बिनकामाचा आहे, कारण ती सोडलीच. मागे काय उघडं राहिलं, कोणाला सांगून गेला, किती वेळ गेला आणि तिथे मदत करणारं दुसरं कोणी होतं का, हे विचारायला हवं.

पाळीप्रमुख
विरोधी बाजू मांडतो, कारण ती कोणी नीट मांडत नाही. माणुसकी नको असं कोणीच म्हणत नाही. पण गेटवर दोन माणसं ठेवतात ती शोभेसाठी नव्हे. एक जण अडसर आणि रजिस्टर सांभाळतो, दुसरा गाडी आणि माणसं तपासतो. एक गेला की तपासणी बंद. त्या १८ मिनिटांत गाडी आली तर ती तशीच आत सोडायची की बाहेर उभी करायची? दोन्हींचा जाब पाळीप्रमुखालाच द्यावा लागतो.

आणि जखमी माणसाचा देखावा करून रक्षकाला बाहेर काढणं ही चोरीची जुनी रीत आहे. रोकड नेणाऱ्या गाडीवरच्या लोकांना म्हणूनच बजावलेलं असतं की रस्त्यात अपघात दिसला तरी दार उघडायचं नाही, आतूनच फोन करायचा. पुढे माल गेलाच तर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न येतो, त्या वेळी जागेवर कोण होतं. रक्षकाने ११२ ला फोन जागेवरूनच केला असता, पाळीप्रमुखाला कळवलं असतं आणि आतून प्रथमोपचार शिकलेला माणूस पाठवला असता, तर तीही मदतच झाली असती.

कॅज्युअल्टी
जागेवरून फोन पुरेसा आहे का, हे जखमीला काय झालंय यावर ठरतं. पाय मोडलाय, शुद्धीवर आहे, बोलतोय, तर पुरेसा आहे. उलट अशा माणसाला अडाण्यासारखं उचललं तर मणक्याला इजा व्हायची. पण मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली असेल तर काही मिनिटांत माणूस जातो. तिथे तळहाताने, शरीराचं वजन टाकून, मध्येच उचलून न बघता दाब धरावा लागतो. कापड भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवायचं.

हृदय बंद पडलं असेल तर छातीवर दाब दिल्याशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, आणि दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो. आतून प्रथमोपचाराचा माणूस येईपर्यंत ६-७ मिनिटं गेली तर तो येऊन करणार काय? म्हणून 'फोन करा आणि उभे राहा' हा सरसकट नियम वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे.

बॉयलर रूम
जागा कोणती हे न सांगता दोन्ही बाजू बोलताय. चालू बॉयलरवरचा परिचर पाण्याची पातळी सोडून बाहेर धावला आणि पातळी खाली गेली तर एका जखमीचे दहा होतील. रेल्वे फाटक, सिग्नल केबिन, क्रेनवर लटकता भार, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरचा रुग्ण: इथे बदली माणूस आल्याशिवाय हलायचंच नाही. हललात तर कारवाई योग्य, मग हेतू कितीही चांगला असो.

दुसरा प्रकार टाकीचा, आणि त्यावर मला जास्त बोलायचंय. टाकीत, चेंबरमध्ये किंवा मलकुंडीत उतरलेला माणूस कोसळला की वरचा त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागे तिसरा. असे दोन-दोन, तीन-तीन जण एकाच खड्ड्यात गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कारण साधं आहे. पहिल्याला ज्या हवेने पाडलं, तीच दुसऱ्याला पाडते. हवेत प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर करतो, म्हणजे वास थांबला की माणसाला वाटतं वायू गेला. नाकातोंडाला बांधलेल्या रुमालाचा इथे काडीचा उपयोग नाही. बाहेरून हवा पुरवणारा श्वसनसंच, कमरेचा पट्टा आणि तिवईवरची दोरी नसेल तर उतरायचं नाही, ब्लोअर लावून हवा मारायची आणि दोरीने ओढता येतंय का बघायचं. विनासाधन उतरणाऱ्याला पाठीशी घालणारा अधिकारी पुढच्या प्रेताची तयारी करतो.

रोजनामा
@बॉयलर रूम, टाकीच्या बाबतीत पूर्ण मान्य. पण आरोपपत्र कोणावर निघतं ते बघा. तिवई नव्हती, वायुमापक नव्हता, टाकीत उतरण्याचा परवाना न भरता पहिल्याला उतरवलं होतं, हे सगळं व्यवस्थापनाचं. आरोप मात्र वाचवायला गेलेल्यावर, कारण तो जिवंत सापडतो.

@पाळीप्रमुख, देखाव्याची भीती खरी आहे, मग ती रक्षकाला लेखी सांगितली होती का? जागेच्या लेखी सूचनांत 'अपघात दिसल्यास काय करावे' ही ओळ असते का? बहुतेक ठिकाणी नसते. जो आदेश दिलाच नाही, तो जाणूनबुजून मोडला असं कसं म्हणणार?

किनारा
२०१२ मध्ये फ्लोरिडातल्या हॅलंडेल बीचवर एका जीवरक्षकाला कामावरून काढलं होतं. बुडणारा माणूस ठरलेल्या हद्दीबाहेर होता, आणि जीवरक्षक आपली हद्द सोडून धावला. गदारोळ झाल्यावर कंपनीने नोकरी परत देऊ केली, त्याने ती नाकारली. हद्दीची रेघ आखताना पाण्यात माणूस असतो हे विसरलं की असं होतं.

पाळीप्रमुख
तेच उदाहरण माझ्याही उपयोगाचं आहे. तिथे त्याच्या हद्दीतल्या किनाऱ्याच्या पट्ट्यावर बाकीचे जीवरक्षक लक्ष ठेवून होते, म्हणून काढणं चूक ठरलं. पट्टा मोकळा पडला असता आणि तिथे कोणी बुडालं असतं तर? बदली कोण, हा पहिला प्रश्न. माणुसकीचा त्यानंतर.

आणखी एक. अशा चर्चेत 'मदतकर्त्याला कायद्याचं संरक्षण आहे' असं कोणीतरी म्हणतंच, म्हणून आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ २०१९ च्या दुरुस्तीने आलं. ते वाहन अपघातापुरतं आहे, आणि मदत करताना काही चुकलं तर दिवाणी-फौजदारी जबाबदारीतून सूट देतं. मालकाच्या शिस्तभंगाच्या कारवाईबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्याच्या भरवशावर खुलासा लिहिणारा फसतो.

रोजनामा
बरोबर आहे. ते कलम ढाल म्हणून चालत नाही. संदर्भ म्हणून चालतं: संसदेनेच ज्या वागण्याला संरक्षण दिलं, ते वागणं कारखान्याच्या आदेशांत 'गैरवर्तन' ठरवायला सबळ कारण लागतं, एवढा युक्तिवाद त्यातून होतो.

तिसरी पाळी
तुम्ही सगळे चौकशीचं बोलताय, कंत्राटी रक्षकाची चौकशी होतच नाही. कंपनी एजन्सीला फोन करते, "याला उद्यापासून पाठवू नका." एजन्सी त्याला घरी बसवते. निलंबन नाही, आरोपपत्र नाही, कागदच नाही. महिन्याभराने राजीनाम्यावर सही मागतात आणि थकलेला पगार त्या सहीला बांधतात. अशा वेळी ती सही करायची नाही. रोज कामावर हजर व्हायला तयार असल्याचं एजन्सीला लेखी कळवायचं, पोच घ्यायची किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवायचं. नाहीतर पुढे 'स्वतःहून गैरहजर राहिला' असं उभं करतात.

कागद पहिल्या २४ तासांतच गोळा करावे लागतात. परत येताच गेटच्या नोंदवहीत जाण्याची आणि येण्याची वेळ, कारण आणि जोडीदाराचं नाव लिहा. मागाहून घुसवलेली ओळ लगेच ओळखू येते, तेव्हा आधीच्या नोंदीखालीच लिहा. ११२ चा कॉल फोनच्या यादीत दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण मागणारा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण साठा भरला की जुन्यावर नवं चढतं आणि साधारण १५ ते ३० दिवसांत तुमची बाजू पुसली जाते.

कॅज्युअल्टी
रुग्णालयापर्यंत सोबत गेला असाल तर यात एक भर. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जखमीला आणणाऱ्याने मागितली तर रुग्णालयाने पोच द्यायची असते, आणल्याची वेळ आणि ठिकाण लिहून. फारच थोडे लोक मागतात. चौकशीत या कागदाइतकी वजनदार गोष्ट दुसरी नसते, कारण तो तिऱ्हाइताचा असतो.

रोजनामा
आता कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तराबद्दल, कारण निम्मी प्रकरणं तिथेच हरतात.

पहिली चूक, घाबरून 'चूक झाली, माफी असावी, पुन्हा होणार नाही' असं लिहून देणं. ती कबुली धरली जाते आणि चौकशी नावापुरती उरते. दुसरी चूक उलटी: 'मी गेट सोडलंच नाही'. चित्रणात तुम्ही जाताना दिसता आणि मग खरं बोललेलंही खोटं ठरतं. सूत्र असं ठेवा: घटना मान्य, गैरवर्तन अमान्य. किती वाजता गेलो, कोणाला सांगून गेलो, गेटवर कोण होतं, किती वाजता परतलो, या काळात आत-बाहेर काय झालं, हे वेळेसकट लिहायचं. भावनेची एकही ओळ नको. उत्तराला ४८ तासच दिले असतील तर मुदतवाढ लेखी मागा, आणि त्याच पत्रात नेमणूक तक्ता, जागेच्या लेखी सूचना, नोंदवहीची पानं व चित्रण मागा.

चौकशीत काय लागतं हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या सूर इनॅमल प्रकरणात स्पष्ट केलंय: आरोप नीट कळवणे, साक्षीदार कामगारासमोर तपासणे, उलटतपासणीची संधी, स्वतःची आणि आपल्या साक्षीदारांची साक्ष देण्याची संधी, आणि कारणांसह निष्कर्ष. १९९३ च्या करुणाकर निकालापासून शिक्षेच्या निर्णयाआधी अहवालाची प्रत देणंही आवश्यक आहे. दररोजच्या कामकाजाची प्रत जागेवरच घ्या, वाचल्याशिवाय सही नको. न लिहिलेला आक्षेप नंतर कोणी ऐकत नाही.

स्थायी आदेश लागू असतील तिथे निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा आणि पुढे, उशीर कामगारामुळे नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. भत्ता न देता एकतर्फी चौकशी उरकली तर ती टिकवणं व्यवस्थापनाला जड जातं.

शिक्षा अवाजवी वाटली तर ती कमी करण्याचा अधिकार औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ११अ ने न्यायाधिकरणाला दिला, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, किरकोळ गैरवर्तनाला आधीची नोंद न पाहता धक्कादायक शिक्षा देणं ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. तक्रारीची मुदत ९० दिवस, आणि ती निघून गेल्यावर वकिलाकडे येणारे फार असतात.

पाळीप्रमुख
एवढं मान्य करतो की धाग्यातल्या प्रसंगात बडतर्फी टिकणार नाही, टिकूही नये. जोडीदाराला सांगितलं, गेट उघडं राहिलं नाही, परत आला. फार तर लेखी ताकीद, तीही पाळीप्रमुखाला कळवलं नाही म्हणून. पण मला पुढचा रक्षक वाचवायचा असेल तर जागेच्या सूचनांत ही ओळ हवी: 'जीव धोक्यात असल्यास आधी पाळीप्रमुखाला कळवावे, जोडीदार गेट बंद करून थांबेल, एका वेळी एकच जण जाईल, गेटापासून १०० मीटरच्या आत, आणि १० मिनिटांत परत येईल.'

कॅज्युअल्टी
'आधी' हा शब्द काढा. तो फोन जोडीदाराने करायचा, धावणाऱ्याने नव्हे. पाळीप्रमुख फोन उचलेपर्यंत दाब धरणारा हात रिकामा राहतो. आणि १० मिनिटांचं बंधन कशाला? रुग्णवाहिका बाराव्या मिनिटाला आली तर दहाव्या मिनिटाला त्याने रक्तवाहिनीवरचा हात उचलायचा का?

पाळीप्रमुख
'आधी' काढतो. वेळेचं बंधन मात्र हवंच, नाहीतर ती ओळ कोणीच मंजूर करणार नाही. '१० मिनिटांत परत येईल, अथवा दहाव्या मिनिटाला जोडीदार बदली मागेल' असं लिहू.

बॉयलर रूम
आणि एकच रक्षक असलेल्या गेटवर?

पाळीप्रमुख
तिथे माझ्याकडे ओळ नाही. दुसरा माणूस मागावा लागेल.