नेपियरच्या कॅलसला कोंबच फुटत नाही, नुसती मुळं

पोंगापंडित: एम.एस्सी.च्या प्रकल्पात संकरित नेपियर गवताच्या (बाजरी आणि नेपियरचा संकर, चाऱ्याचा) पानांपासून बाटलीत रोपं करायची आहेत. एमएस मीडिया (पोषक माध्यम), त्यात २,४-डी (कॅलस आणणारं संप्रेरक). कॅलस, म्हणजे पेशींचा गोळा, भरपूर येतो, पण पाणचट, काचेसारखा. बीएपीवर (कोंब फोडणारं संप्रेरक) टाकला की मुळं सुटतात, कोंब नाही. काही बाटल्या तपकिरी पडल्या. बीएपी वाढवू का?

लॅबवाली मावशी: बीएपी राहू दे. पान कुठलं घेतलंस ते आधी सांग. गवताचं उघडलेलं पान या कामाला निरुपयोगी. पोंगा सोल, अगदी आतलं पिवळट, गुंडाळलेलं पान घे आणि त्याच्या बुडाकडच्याच चकत्या काप. वर सरकशील तसा प्रतिसाद घटतो. फ्लोरिडात इंद्र वासिल यांच्या प्रयोगशाळेने १९८१ साली नेपियरच्या पानांपासून रोपं केली, तीही कोवळ्या पानांपासूनच. पोटरीतलं कोवळं कणीस मिळालं तर सोन्याहून पिवळं.

बाटल्या अंधारात ठेव. पाणचट कॅलस भराभर वाढतो, म्हणून नवी पोरं तोच जपत बसतात. फेकून दे! त्याच्या कडेला कुठेतरी घट्ट, पांढरा, गाठीगाठींचा कॅलस दिसेल. वाढायला आळशी, पण भ्रूण त्यातच धरतात, आणि भ्रूणाला कोंब व मूळ दोन्ही असतात. तेवढाच उचलून वेगळा वाढव, मग २,४-डी कमी करत काढून टाक. फार जुना होऊ देऊ नकोस, रोपं देण्याची ताकद जाते.

तपकिरीपणा फिनॉलचा, म्हणजे कापलेल्या पानातून सुटणाऱ्या रसायनांचा. लवकर लवकर ताज्या मीडियावर हलव. ती शोषायला मीडियात कोळसा घालायचा सल्ला कुणी देईल, पण तो २,४-डीसुद्धा शोषतो.

गोठेवाला: ताई, दोन डोळ्यांची कांडी पुरली की नेपियर उगवतो. बाटलीचा खटाटोप कशाला?

लॅबवाली मावशी: दादा, लागवडीला कांडीच लावा, ठोंब लावा. पण हा संकर वांझ आहे. बाजरीची गुणसूत्रं १४, नेपियरची २८, संकरात येतात २१, त्यामुळे बी धरत नाही. पुढे पैदास करायची तर गुणसूत्रं दुप्पट करावी लागतात, आणि कॅलसवर कोल्चिसिन (गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन) वापरून ते करता येतं.

पंडिता, रोपं आलीच तर मुळांच्या टोकांत गुणसूत्रं मोज. कॅलसमधून आलेलं प्रत्येक रोप आईसारखं निघेलच असं नाही. पांढरीफटक निघाली तर मात्र मोजत बसू नकोस, ती जगत नाहीत.